आधी पाणी, मग बॉयलर

बॉयलर घ्यायचा ठरला की चर्चा ठरलेल्या क्रमाने होते. किती टनाचा, कोणत्या इंधनावरचा, कितीला पडणार, किती दिवसांत बसवून मिळणार. पाण्याचा विषय निघालाच तर तो सॉफ्टनरपाशी थांबतो. पाणी किती अंशांवर आत शिरणार, ताशी किती लागणार, दिवसाच्या कोणत्या तासाला मागणी वाढणार आणि वापरून परत येणारे पाणी किती गरम असणार, हे चार प्रश्न बहुतेक वेळा बॉयलर पायावर उभा राहिल्यानंतर निघतात. तोवर टाकीची जागा आणि पाइपांचा व्यास पक्का झालेला असतो, आणि बदल करायचा तर तोडफोडीला पर्याय उरत नाही. बॉयलरची प्रत्यक्ष क्षमता, त्याचा इंधनखर्च, त्याचे आयुष्य आणि त्याची सुरक्षितता या चारही गोष्टी पाण्याच्या तापमानाशी आणि प्रवाहाशी घट्ट बांधलेल्या आहेत. म्हणून पाण्याचा हिशेब आधी झाला पाहिजे आणि बॉयलरची निवड त्या हिशेबातून निघाली पाहिजे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

हा प्रश्न बडोद्यात मांडण्याला कारण आहे. या शहराची औद्योगिक वाटचाल वाफेच्या सोबतीने झाली. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली तंत्रशिक्षण देणारे कलाभवन सुरू झाले. १९०७ साली त्रिभुवनदास गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन यांनी अलेम्बिक कंपनीचा पाया घातला. १९६० च्या दशकात कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना आणि गुजरात स्टेट फर्टिलायझर्स ही मोठी कारखानदारी आली. पुण्यात वाढलेल्या थरमॅक्स कंपनीचा बॉयलरचा कारखाना बडोद्याजवळच्या सावलीत आहे. मकरपुरा आणि नंदेसरी या वसाहतींत औषधे, रंग, रसायने यांसाठी वाफ लागते. हरणीची गरज वेगळी आहे. विमानतळाभोवती वाढलेल्या या उपनगरात उंच इमारती, हॉटेले आणि रुग्णालये यांना वाफेपेक्षा गरम पाणी अधिक हवे असते. एकाच शहरात वाफेचा बॉयलर आणि गरम पाण्याचा बॉयलर असे दोन प्रकार शेजारी शेजारी नांदतात. दोन्हींमागचे शास्त्र एकच असले तरी बसवताना होणाऱ्या चुका निराळ्या असतात, म्हणून दोन्हींचा विचार एकत्र करणे उपयोगाचे आहे.

सुरुवात क्षमतेपासून करू. बॉयलरवर एक टन असे लिहिलेले असते तेव्हा तो आकडा सहसा एका ठराविक अटीवर दिलेला असतो: आत येणारे पाणी १०० अंशांवर आहे आणि वाफही १०० अंशांवर, वातावरणाच्या दाबाला बाहेर पडते. त्या अटीत किलोमागे फक्त ५४० किलोकॅलरी द्याव्या लागतात. प्रत्यक्ष कारखान्यात वाफ १० किलो दाबाची हवी असते आणि त्या वाफेत किलोमागे सुमारे ६६४ किलोकॅलरी असतात. फीडचे, म्हणजे बॉयलरमध्ये जाणारे, पाणी ३० अंशांचे असेल तर बॉयलरला ५४० ऐवजी ६३४ किलोकॅलरी पुरवाव्या लागतात, आणि एक टनाच्या बॉयलरमधून तासाला सुमारे ८५० किलोच वाफ निघते. तेच पाणी ८५ अंशांवर आत सोडले तर वाफ ९३० किलोंपर्यंत जाते. पाटीवरचा आकडा खोटा नसतो. त्यामागची अट खरेदीच्या कागदावर ठळक येत नाही एवढेच. वाफ कमी पडते म्हणून लगेच मोठा बॉयलर मागवण्याआधी फीड टाकीत थर्मामीटर घालून पाहिला, तर कमतरतेचा काही भाग तिथेच सापडू शकतो.

इंधनाचा हिशेब याच आकड्यांतून निघतो. ६३४ मधले सहा म्हणजे जवळजवळ एक टक्का. फीडचे पाणी सहा अंशांनी गरम झाले की एक टक्का इंधन वाचते, हा कारखान्यांत सांगितला जाणारा ठोकताळा इथून आला आहे. समजा, वापरलेल्या वाफेपैकी ६० टक्के वाफ कंडेन्सेट होऊन, म्हणजे पुन्हा पाणी बनून, ९० अंशांवर टाकीत परत आली आणि उरलेले ४० टक्के नवे पाणी ३० अंशांचे आहे. मिश्रण ६६ अंशांवर येते आणि इंधनात साडेपाच टक्क्यांहून अधिक बचत होते. मात्र हा ठोकताळा डोळे मिटून लावता येत नाही. बॉयलरचीच वाफ सोडून फीड टाकी तापवली, तर पाणी गरम होते पण इंधन वाचत नाही, कारण ती उष्णताही त्याच बर्नरमधून आलेली असते. क्षमतेत दिसणारी वाढही तेवढीच वाफ टाकीत खर्च झाल्याने फिटून जाते. बचत तेव्हाच होते जेव्हा एरवी वाया जाणारी उष्णता पाण्यात येते: गटारात सोडले जाणारे कंडेन्सेट, चिमणीतून निघून जाणारा गरम धूर, क्षार साचू नयेत म्हणून बॉयलरमधून सोडले जाणारे ब्लोडाउनचे उकळते पाणी. म्हणून पाणी कितीही गरम केले तरी ही उष्णता कुठून आणली, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारला पाहिजे.

स्वतःच्या वाफेने टाकी तापवणे तरीही निरर्थक नाही, आणि त्याचे कारण गंजात आहे. ३० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. ९० अंशांवर तो दीडेक मिलिग्रॅमपर्यंत उतरतो. हा प्राणवायू बॉयलरच्या नळ्यांत खड्डे पाडतो, आणि खड्ड्याचा गंज फसवा असतो, कारण बाकीचा पत्रा शाबूत असतानाच एखादी नळी गळू लागते. औषध म्हणून सोडियम सल्फाइट वापरतात आणि एक भाग प्राणवायूला ते सुमारे आठ भाग लागते. दिवसाला १० हजार लिटर थंड पाणी वापरणाऱ्याला रोज सुमारे ६०० ग्रॅम सल्फाइट लागेल. तेच पाणी ९० अंशांवर गेले तर काम पाव भागाहूनही कमी औषधात होते. शिवाय प्रत्येक रसायन पाण्यातल्या क्षारांत भर घालते, क्षार वाढले की ब्लोडाउन वाढवावा लागतो आणि ब्लोडाउनमधून पुन्हा उष्णता वाहून जाते. बडोद्यात पाण्याचा उगमही एक नाही. सयाजीरावांच्या काळात बांधलेले आजवा सरोवर, मही नदीच्या पात्रातल्या फ्रेंच विहिरी आणि सोसायट्यांच्या स्वतःच्या बोअर यांतून येणाऱ्या पाण्याची कठीणता वेगवेगळी असते. कठीण पाण्यातला चुना पाणी तापले की कमी विरघळतो आणि तापलेल्या पृष्ठभागावरच चिकटतो. सॉफ्टनर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम देतो. एकूण क्षार तो कमी करत नाही आणि प्राणवायूला तर हातही लावत नाही. सॉफ्टनर बसवला म्हणजे पाण्याचे काम संपले, ही समजूत म्हणूनच महागात पडते.

पाणी गरम करण्याचे इतके फायदे असतील तर ते थेट उकळीपर्यंत का नेऊ नये? इथे प्रवाहाचा प्रश्न आडवा येतो. पंप पाणी ओढतो म्हणजे त्याच्या तोंडाशी दाब कमी होतो, आणि पाणी जितके गरम तितके ते कमी दाबाला उकळते. ३० अंशांच्या पाण्याला वातावरणाच्या दाबामुळे सुमारे १० मीटर उंचीच्या स्तंभाइतका आधार शिल्लक असतो. ८५ अंशांवर तो साडेचार मीटरवर येतो आणि ९५ अंशांवर दोन मीटरहूनही कमी उरतो. त्यातून पाइपातले घर्षण आणि पंपाची स्वतःची गरज वजा केली की काही उरत नाही. मग पंपाच्या आतच वाफेचे बुडबुडे होतात आणि फुटतात, पंप खडखडू लागतो, पंख्याला खड्डे पडतात आणि ऐन गरजेला पाणी तुटते. यावर उपाय साधा आहे: फीड टाकी पंपापेक्षा तीन-चार मीटर उंच ठेवायची, टाकीपासून पंपापर्यंतचा पाइप आखूड, सरळ आणि मोठ्या व्यासाचा घ्यायचा, त्यात पाण्याचा वेग सेकंदाला एक मीटरच्या आत राखायचा. मात्र हे बॉयलरची खोली आखताना ठरले तरच जमते. पत्र्याच्या शेडमध्ये टाकी जमिनीवर ठेवून बॉयलर आणि पंप बसवून झाल्यावर कोणी कंडेन्सेट परत आणायला निघाला, तर टाकी तापताच पंप दगा देतो. मग मालक कंडेन्सेटची लाइन बंद करतो आणि दोष गरम पाण्याला देतो. दोष मांडणीचा असतो.

प्रवाहाची दुसरी बाजू मागणीतल्या चढउताराची आहे. धुलाईयंत्रे किंवा रिअॅक्टर एकदम चालू झाले की दाब झपाट्याने उतरतो, पाण्यात वाफेचे बुडबुडे फुगतात आणि पाण्याची पातळी वाढल्यासारखी दिसते. त्या क्षणी पंप थांबतो. बुडबुडे विरले की पातळी कोसळते आणि पंप पूर्ण जोराने थंड पाणी ढकलतो. चालू-बंद पद्धतीच्या पंपात हे चक्र दिवसभर फिरत राहते. वाफेबरोबर पाणीही पाइपात जाते, तापलेल्या धातूला थंड पाण्याचे धक्के बसतात, जोडांवर ताण येतो. थोडा खर्च करून प्रवाह कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह किंवा वेग बदलणारा पंप घेतला, तर पाणी वाफेच्या मागणीप्रमाणे सतत येत राहते. सर्वांत घातक अवस्था पाणी संपण्याची. कोरड्या, लाल झालेल्या नळ्यांवर गोंधळून थंड पाणी सोडणे जीवघेणे ठरू शकते. अशा वेळी बर्नर बंद करायचा आणि बॉयलर आपोआप थंड होऊ द्यायचा, हा धडा प्रत्येक चालकाला तोंडपाठ असला पाहिजे. बडोद्याने बॉयलर फुटण्याची किंमत पाहिली आहे. २४ डिसेंबर २०२१ रोजी मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्यात बॉयलरचा स्फोट होऊन चार जण दगावले.

अपघातांतूनच या क्षेत्राचा कायदा घडला आहे. १८६३ साली कलकत्त्यात झालेल्या मोठ्या बॉयलर स्फोटानंतर १८६४ मध्ये बंगालने तपासणीचा कायदा केला, १९२३ मध्ये देशभराचा कायदा आला, १९५० मध्ये त्याखालचे नियम तयार झाले आणि २०२५ मध्ये संसदेने नवा बॉयलर कायदा केला. या सगळ्या मांडणीचा भर दाबाखालच्या धातूवर आहे: पत्र्याची जाडी, जोड, सेफ्टी व्हॉल्व्ह, प्रमाणित चालक. ते योग्यच आहे. पण २५ लिटरहून लहान, एक किलोहून कमी दाबाची किंवा पाणी १०० अंशांखाली तापवणारी भांडी कायद्याच्या व्याख्येबाहेर राहतात. हरणीच्या हॉटेलातला किंवा रुग्णालयातला गरम पाण्याचा बॉयलर बहुधा या सवलतीत बसतो. सवलत आहे म्हणजे धोका नाही, असा अर्थ लावला जातो आणि तो चुकीचा आहे. एक हजार लिटर पाणी २० अंशांवरून ८० अंशांवर गेले की ते सुमारे २७ लिटरने फुगते. त्या फुगलेल्या पाण्याला एक्स्पान्शन टाकी किंवा सुटकेचा व्हॉल्व्ह मिळाला नाही, तर बंद व्यवस्थेत दाब वेगाने चढतो. इथे निरीक्षक येत नाही, त्यामुळे आराखडा करणाऱ्यावरची जबाबदारी वाढते.

गरम पाण्याच्या बॉयलरचा आकार ठरवताना सर्वांत मोठी चूक होते ती गर्दीच्या तासाला पाहून. उदाहरणादाखल ६० खोल्यांचे हॉटेल घेऊ: १२० पाहुणे, प्रत्येकी ६० लिटर पाणी, तापमान ६० अंश, म्हणजे दिवसाला ७,२०० लिटर. त्यातले निम्मे सकाळच्या दोन तासांत लागते असे धरू. हिवाळ्यात टाकीतले पाणी २० अंशांचे असेल तर साठवणीशिवाय ताशी ७२ हजार किलोकॅलरीचा बॉयलर हवा. दिवसभराचे काम आठ तासांत पसरले तर ३६ हजारांचा बॉयलर आणि अडीच हजार लिटरची, नीट अस्तर घातलेली टाकी पुरते. बॉयलर निम्म्याने लहान होतो आणि सतत चालू-बंद होण्याची झीजही टळते. मात्र टाकीतले पाणी ढवळले जाता कामा नये. जुन्या तांब्याच्या बंबात थंड पाणी तळाशी जाई आणि गरम पाणी वरून बाहेर पडे. साठवण टाकीतही हाच थर टिकवायचा असतो. थंड पाणी तळाशी संथपणे सोडले तर थर राहतो, जोराने सोडले तर सगळे पाणी कोमट होते आणि कागदावर अडीच हजार लिटरची असलेली टाकी प्रत्यक्षात हजारभर लिटरचेच काम करते. ऋतूचाही हिशेब हवा. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी ३५ अंशांवर असेल तर वाढ २५ अंशांचीच लागते; हिवाळ्यात ४० अंशांची, म्हणजे १.६ पट उष्णता. आराखडा हिवाळ्याच्या पहाटेसाठी करायचा आणि बर्नर असा निवडायचा की उन्हाळ्यात तो कमी ज्वालेवरही नीट चालेल.

परतीच्या पाण्याच्या तापमानावर अभियंत्यांत खरा मतभेद दिसतो, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. बडोद्यात पाइपने नैसर्गिक वायू गेल्या शतकातील सत्तरच्या दशकापासून मिळतो. हा वायू जळताना पाण्याची वाफ तयार होते आणि ५५ अंशांच्या आसपास ती धुरातून पाणी होऊन गळू लागते. साध्या पोलादी बॉयलरमध्ये हे पाणी आम्लधर्मी असल्याने पत्रा खाते. म्हणून तिथे परतीचे पाणी ६० अंशांच्या वर राहील अशी मिश्रणाची सोय लागते. कंडेन्सिंग बॉयलर मात्र गंज सोसणाऱ्या धातूचे असतात आणि त्यांना परतीचे पाणी थंडच हवे असते, कारण वायूच्या एकूण उष्णतेचा दहावा भाग त्या वाफेत दडलेला असतो. एका गटाला परतीचे थंड पाणी नको, दुसऱ्याला ते हवे; दोघेही आपापल्या यंत्रापुरते बरोबर. चूक होते ती कंडेन्सिंग बॉयलर घेऊन त्याला परतीचे पाणी ६५ अंशांवर देण्यात, किंवा साधा बॉयलर घेऊन त्यात थेट २० अंशांचे पाणी सोडण्यात. हॉटेलात नवे पाणी नेहमीच थंड येते, त्यामुळे कंडेन्सिंग बॉयलरला तिथे चांगला वाव आहे. अट इतकीच की थंड पाण्याची गाठ आधी थंड होत आलेल्या धुराशी पडावी. प्रवाहाचे गणितही इथेच लागते. एक लाख किलोकॅलरी २० अंशांच्या फरकाने न्यायच्या तर ताशी ५ हजार लिटर पाणी फिरवावे लागते, १० अंशांच्या फरकाने १० हजार. प्रवाह फार कमी ठेवला तर नळीच्या भिंतीलगत पाणी उकळून क्षार धरतो. फार वाढवला तर पंपाची वीज वाया जाते आणि तांब्याच्या वळणांची झीज होते.

तापमान किती ठेवायचे, या प्रश्नाला आरोग्याची बाजूही आहे आणि ती दोन दिशांना ओढते. १९७६ साली फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या अधिवेशनानंतर न्यूमोनियाची साथ उसळली आणि पुढे तिच्या मुळाशी लिजिओनेला हा जंतू सापडला. तो २० ते ४५ अंशांच्या कोमट पाण्यात वाढतो. वीज किंवा वायू वाचवण्यासाठी टाकी ४५ अंशांवर ठेवणारे रुग्णालय नकळत त्याला घर देते. म्हणून साठवण ६० अंशांवर आणि फिरत्या लाइनमध्ये परतीचे पाणी ५० अंशांच्या वर ठेवण्याची शिफारस जगभर केली जाते. पण ६० अंशांचे पाणी प्रौढ माणसालाही पाचेक सेकंदांत गंभीर भाजू शकते. लहान मुले आणि वृद्ध यांची त्वचा त्याहून नाजूक. यातून सुटका एकच: पाणी साठवायचे गरम आणि नळापाशी मिश्रण व्हॉल्व्हने ते ४२-४३ अंशांवर आणायचे. या व्हॉल्व्हला गरम आणि थंड दोन्ही बाजूंचा दाब जुळता लागतो. उंच इमारतीत गच्चीच्या टाकीपासून दर १० मीटरला एक किलो दाब वाढतो. थंड पाणी तिथून आणि गरम पाणी वेगळ्या पंपावरून आले, तर वरच्या मजल्यावर एक शॉवर चालू होताच दुसऱ्याचे पाणी अचानक तापू किंवा गार पडू शकते. नळाशी घेतलेली काळजीही अखेर मूळ आराखड्यावरच अवलंबून असते.

या प्रतिपादनावर घेतले जाणारे आक्षेप दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. पहिला हवामानाचा: बडोद्याचे पाणी मुळातच कोमट आहे, युरोपातली काळजी इथे कशाला? उत्तर वरच्या आकड्यांत आहे. ३० अंशांचे पाणी १० अंशांच्या पाण्यापेक्षा बरे, पण ३० आणि ८५ यांतला फरकच नऊ टक्के इंधन ठरवतो, आणि कोमटपणा गंज व जंतू या दोघांनाही मानवतो. दुसरा आक्षेप स्वयंचलित यंत्रणेचा: आजचे बॉयलर सगळे स्वतःच सांभाळतात. नियंत्रक त्याला मिळालेल्या पाण्याच्या मर्यादेतच निर्णय घेतो. टाकी उंच करणे, पाइप मोठा करणे त्याच्या हातात नसते. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: लहान कारखानदाराला हा खर्च झेपत नाही. इथे काळाचा विचार करावा लागतो. टाकीचा सांगाडा उंच उभारणे, कंडेन्सेटची लाइन टाकणे, टाकीला अस्तर घालणे यांचा खर्च बांधकामाच्या वेळी एकूण किमतीचा लहानसा हिस्सा असतो. चालू कारखान्यात हीच कामे उत्पादन थांबवून करावी लागतात. सगळे एकदम करणे शक्य नसेल तर नंतर जोडता येतील अशा जागा आणि तोंडे आज राखून ठेवावीत. ज्याचे कंडेन्सेट रसायनाने दूषित होण्याची भीती आहे त्याने ते सरसकट टाकीत आणू नये. त्यातली उष्णता वेगळ्या एक्स्चेंजरमधून घ्यावी. इतका अपवाद मान्य करूनही मूळ मुद्दा अबाधित राहतो.

व्यवहारात याचा अर्थ असा की खरेदीच्या ऑर्डरसोबत पाण्याचा एक वेगळा तक्ता जोडला गेला पाहिजे. त्यात उन्हाळ्यातले आणि हिवाळ्यातले पाण्याचे तापमान, पाण्याच्या प्रत्येक उगमाची कठीणता आणि क्षार, दर तासाची मागणी, कंडेन्सेट किंवा परतीच्या पाण्याचे प्रमाण आणि तापमान, टाकी आणि पंप यांच्यातली उंची, तसेच बॉयलरची क्षमता त्या प्रत्यक्ष पाण्यावर किती, हे लिहिलेले असावे. पुरवठादाराने त्यावर सही करावी आणि बॉयलर सुरू करून देताना तेच आकडे मोजून दाखवावेत. फीड लाइनवर पाण्याचा मीटर आणि टाकीत थर्मामीटर कायमचे बसवावेत, कारण मोजमाप नसेल तर बिघाड चिमणीतल्या धुरावरून किंवा गॅसच्या बिलावरूनच कळतो आणि तोवर उशीर झालेला असतो. हरणीतल्या इमारतींचे आराखडे करणारे वास्तुविशारद आणि मकरपुऱ्यातले कारखानदार यांनी हा तक्ता मागायला सुरुवात केली, तर विक्रेत्यांना तो द्यावाच लागेल. बॉयलर वीस-पंचवीस वर्षे चालतो. त्यातल्या प्रत्येक दिवसाचा इंधनखर्च आणि त्याच्याजवळ काम करणाऱ्या माणसांची सुरक्षितता पहिल्या महिन्यात कागदावर केलेल्या या हिशेबावर अवलंबून असते. तो टाळण्याइतके सबळ कारण वरच्या एकाही आक्षेपात सापडत नाही.